पेटीचा भाता आणि यंत्राचा सूर



यंदाच्या उन्हाळ्यात लग्नाच्या निमित्ताने हसनाबादला बहिणीकडे जाणे झाले. हसनाबाद म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. संध्याकाळी वरात निघाली आणि ठरल्याप्रमाणे नागिणीची धून सुरू झाली. एका पोराने रुमालाचे टोक दातात धरून बीन केली, दुसऱ्याने दोन्ही हातांचा फणा करून धुळीत लोळण घेतली. माझ्या शेजारची एक म्हातारी माय कौतुकाने म्हणाली, "बीन कशी अंगात शिरती बघ!"

गंमत अशी, की त्या धुनेत बीन नाहीच. ‘नागिन’ हा चित्रपट १९५४ चा, संगीतकार हेमंतकुमार. गारुड्याच्या पुंगीचा तो आवाज कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला, आणि सोबत रवी यांनी हार्मोनियम वाजवली. हे दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले. क्लॅव्हिओलिन १९४७ साली फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केले. त्यावर एका वेळी एकच सूर वाजे. आतून निघणारा सूर कर्कश, जवळजवळ चौकोनी लाटेचा. तो चाळून घ्यायला खटके, कंप द्यायला वेगळी सोय, आणि आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायची एक दांडी. सिंथेसायझर पुढे आला, पण त्याचे मुख्य अवयव इथेच दिसतात.

हे सगळे सांगायचे कारण घरातलेच आहे. आमचे दाजी तीस वर्षे गायन पार्टीत पेटी वाजवत आले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. भाच्याने कापसाच्या पैशातून आणि थोड्या उसनवारीतून कीबोर्ड घेतला, बापाची जागा घ्यावी म्हणून. पण पार्टीच्या बुवांनी दोन कार्यक्रमांनंतर सांगून टाकले, "पोरा, तुझ्या डब्यावर माझा गळा बसत न्हाई." शेजारच्या गावचा पेटीवाला बोलवायचे त्यांचे चालले होते. म्हणजे बिदागीही गेली आणि डोक्यावर उसनवारी राहिली.

भाचा मला म्हणाला, "मामा, बटणावर हार्मोनियम लिवलंय. तेच दाबतो. तरी बाबा म्हणत्यात, ही पेटी न्हाई."

मी म्हटले, आधी तुमची जुनी पेटी काढ. माळ्यावरची पेटी खाली आली. दाजी भिंतीला टेकून बघत होते.

पेटीच्या आत पितळी पट्ट्या असतात. हवा आली की पट्टी थरथरते आणि सूर निघतो. मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली, तर सेकंदाला साधारण ४४० कंपने होतात, वरच्या सप्तकातली ८८०. सिंथेसायझरमध्ये पट्टीच्या जागी विजेचा झोका असतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट मोग यांनी १९६४ साली आपले यंत्र बनवले, त्यात हा झोका विजेच्या दाबावर चाले : दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर.

झोका कसा हलतो त्यावर आवाजाची जात ठरते. करवतीच्या दात्यासारखी लाट असेल तर मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपसूर निघतात. असा आवाज सनईच्या जवळ जातो. चौकोनी लाटेत फक्त तिप्पट, पाचपट असे विषम उपसूर राहतात आणि आवाज पोकळ लागतो. बँडमधली क्लॅरिनेट खालच्या सुरांत कशी लागते ते आठवा, त्याच जातीचा. दुहेरी पट्टीच्या पेटीत दोन सूर किंचित वेगळे लागले की आवाज हेलकावतो. एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे. यंत्रातही दोन झोके असेच शेजारी-शेजारी लावतात.

मग मी भाच्याला एक सूर धरून ठेवायला सांगितला आणि पेटीचे वरचे झाकण उघडले, मिटले, पुन्हा उघडले. उघडले की आवाज धारदार, मिटले की मऊ. सूर तोच, पट्टी तीच. झाकणाने वरचे उपसूर अडवले, एवढेच. यंत्रात हे काम फिल्टर करतो, आपल्या भाषेत चाळण. घरच्या लेकरांना पेटीशिवायही हे दाखवता येईल. एकच सूर धरून त्यांना ‘ऊ... आ... ई’ म्हणायला सांगा. गळा एकच सूर देतो, तोंड ती चाळण बदलते. कीबोर्डवर ‘कटऑफ’ लिहिलेली पट्टी हेच करते. शेजारच्या ‘रेझोनन्स’ने चाळणीच्या काठावरचे उपसूर फुगतात आणि आवाज नाकात जातो. पुंगीची नक्कल करायची तर तिथेच जावे लागते.

"आन् भाता?" दाजींनी पहिल्यांदा तोंड उघडले. जीभ अजून अडखळते त्यांची.

भाता म्हणजे ॲम्प्लिफायर, आवाजाचा दरवाजा. तो किती आणि कसा उघडायचा याचा हिशेब ठेवणाऱ्या भागाला एन्व्हलप म्हणतात. हलगी आठवा. टिपरू पडले की आवाज एकदम शिगेला आणि लगेच खल्लास. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो. तुणतुण्याची तार छेडली की आवाज हळूहळू विरतो. तिन्ही वाद्ये डोळे मिटून ओळखता येतात, त्यात या चढ-उताराचा वाटा फार मोठा आहे. यंत्रावर त्याची चार मापे असतात : सूर चढायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक, चढून थोडा खाली येण्याचा डिके, बोट दाबलेले असेपर्यंतची पातळी सस्टेन, आणि बोट उचलल्यावर विरण्याचा वेळ रिलीज. शिवाय एक फार संथ झोका असतो, सेकंदाला पाच-सहा वेळा हलणारा. तो स्वतः ऐकू येत नाही. तो सुराला हलवतो आणि कंप येतो.

एवढ्याशा सामानात काय होते हे मुंबईच्या चरणजितसिंग यांनी दाखवले. हिंदी चित्रपटांत वाजवणारे हे वादक. १९८२ साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग, आणि हाताशी तीन जपानी यंत्रे. त्यांतले टीबी-३०३ हे तर अगदी लहान : एक झोका, दोनच लाटा, एक चाळण आणि काही खुंट्या. बेस गिटारवाला नसेल तर त्याची जागा भरावी एवढ्यासाठी ते बनवलेले. पण त्यावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येई आणि आपल्या मींडेला ते उपयोगी पडले. तबकडी तेव्हा चालली नाही. शिकागोच्या नाचघरांतून त्याच यंत्राचा आवाज गाजला तो १९८७ नंतर. २०१० साली ही तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले. चरणजितसिंग २०१५ साली वारले.

आता भाच्याच्या डब्याकडे येऊ. आजच्या कीबोर्डमध्ये बहुधा झोक्याच्या जागी खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित तुकडा असतो. कुणीतरी एक पेटी, एका सारख्या भात्याने वाजवून साठवलेली. म्हणजे पट्टी खरी, पण भाता दुसऱ्याच कुणाचा आणि तोही जागच्या जागी थिजलेला. बुवा रडव्या ओळीवर आले काय नि चढ्या ओळीवर गेले काय, सूर एकाच जोराने अंगावर येत राहतो. बुवांचे काही चुकले नव्हते. दुकानदारांनी मात्र शेकडो नावांची बटणे मोजून दाखवण्यापेक्षा या चार पट्ट्या समजावून सांगितल्या असत्या तर बरे झाले असते.

आम्ही अटॅक किंचित वाढवला, कारण पेटीची पट्टी बोलायला निमिषभर घेते. रिलीज जवळजवळ बंद केला. चाळण अर्धी मिटली. भाच्याने वाजवून पाहिले. बरे वाटले, पण दाजींनी मान हलवली.

"जोर दिला की पेटी नुसती मोठी होत न्हाई. उघडती बी."

खरेच होते. भाता जोरात मारला की पट्टीतले वरचे उपसूरही वाढतात. म्हणजे आवाजाची पट्टी आणि चाळणीची पट्टी एकदमच सरकायला हव्यात. या कीबोर्डवर त्या दोन्ही डावीकडे, शेजारी-शेजारी होत्या. पण दोन्ही हातांनी वाजवणाऱ्या भाच्याला तिसरा हात कुठून आणायचा?

दाजी सरकत पुढे आले. त्यांचा डावा हात तीस वर्षे भात्यावरच होता. तर्जनी एका पट्टीवर, मधले बोट दुसरीवर ठेवले आणि मुलाला म्हणाले, "हां, धर सूर."

पहिल्या दोन-तीन वेळा जमले नाही. पट्ट्या फार हलक्या, भात्याला असते तशी हवेची रेट त्यांना नाही. मग हळूहळू सूर फुगू लागला, ओसरू लागला. ओळीच्या शेवटी दाजी पट्टी पार खाली आणत, गाणारा जिथे श्वास घेईल तिथे. बहीण चुलीपाशी उठून उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी बुवांना बोलावणे धाडले. ते येतो म्हणाले, पण ऐकल्याशिवाय काही कबूल करणार नाही असेही सांगितले. मी निघालो तेव्हा बापलेक ओसरीवर बसले होते आणि दाजी पोराला रागे भरत होते, "आरं, म्या दम खाली आणल्यावर बोट कशापायी दाबून ठेवतो? उचल की!"