घरातल्या वस्तूला हत्यार कोण म्हणणार?

जळगाव-धुळ्याकडे सासरी बाई गेली की कारण तयारच असते. पूर्वी स्टोव्ह भडकायचा, आता गॅस भडकतो. विहिरीवर पाय घसरतो, कपाशीवर फवारायचे औषध 'चुकून' पोटात जाते. पोलिसांत 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते आणि तेराव्यापर्यंत प्रकरण मिटते. सुरा-कुऱ्हाड असती तर कोणी हत्यार शोधले तरी असते.

पण शरीर बोलते. जिवंतपणी जळालेल्या बाईच्या श्वासनलिकेत बहुधा काजळी असते, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो. दोन्ही नसतील तर आधी गळा दाबला होता का, हे पाहावेच लागते. भडका उडाला म्हणता, मग शेगडी जप्त केली का? केसांत रॉकेल कसे आले? केरळात कोल्लम जिल्ह्यात २०२० साली नवऱ्याने झोपलेल्या बायकोला नाग चावविला. तोंड दाबून चावविलेल्या नागाच्या दातांच्या खुणांत अंतर जास्त पडते, हे तज्ज्ञांनी मोजून दाखवले. २०२१ साली त्याला जन्मठेप झाली. तपास करायचाच ठरवला तर साप हेही हत्यार ठरते.

शास्त्रावर सगळे सोपवूनही भागत नाही. १९८२ साली पुण्याच्या मंजुश्री सारडाच्या शरीरात सायनाइड सापडले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला दोषी धरले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही म्हणून त्याला सोडले. मंजुश्रीने पत्रांत लिहिलेले दुःखही आत्महत्येच्याच बाजूने धरले गेले. विष कळले, ते कोणाच्या हातून गेले हे सिद्ध झाले नाही. ते सिद्ध होते पहिल्या काही तासांतल्या पंचनाम्यावर.

लग्नाला सात वर्षे झालेली नसताना बाईचा असा मृत्यू झाला आणि नातेवाइकांनी मागणी केली, तर शवविच्छेदन करावेच लागते. ही तरतूद १९८३ पासून आहे, २०२४च्या नव्या संहितेतही आहे. सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाण्याची सक्तीही तिच्यात आहे. पण अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तोवर किती जागा धुऊन-सारवून निघतील?

म्हणून मैत्रिणींनो, बातमी कळताच धावा. माहेरच्यांकडून लेखी अर्ज द्या. जागा सारवू देऊ नका. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शवविच्छेदन तिथल्या न्यायवैद्यक विभागातच व्हावे असा आग्रह धरा. व्हिसेरा प्रयोगशाळेत पोचला का, विचारत राहा. आणि अंत्यविधीची घाई कोण करते आहे, तेही लिहून ठेवा.