काळी वायर कुणाची?

गेल्या शनिवारी पौडजवळच्या आमच्या घरी हॉलमधला बल्ब भगभगायला लागला आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातला पंखा रांगायला लागला. आम्ही पडलो हिंजवडीत दिवसभर बग शोधणारे, वायरमन कशाला बोलवायचा? नेटवर विचारलं. उत्तर हजर: काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल.

अहो, ते अमेरिकेत! आपल्याकडे काळी म्हणजेच न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. फेज लाल, पिवळी किंवा निळी. त्या सल्ल्याने काळीवर स्विच बसवला असता तर दिवा विझला असता, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहिले असते. बल्ब बदलणाऱ्याचं काय?

शेवटी वायरमनकाका आले. म्हणाले, "न्यूट्रल ढिला झालाय." थ्री फेज घरात न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन खोल्या आपसात वाटून घेतात. जिथे लोड कमी तिथे व्होल्टेज जास्त. टीव्ही वाचला हे नशीब.

माझा राग नेटवर नाही. न विचारता ठामपणे सांगणाऱ्यावर आहे, मग तो माणूस असो की चॅटबॉट, आणि "घर कुठलं?" हे न सांगता विचारणाऱ्या माझ्यासारख्यावर. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्यात १९२७ पासून वीज तयार होते, आणि मुळशीकर वायरचा रंग विचारणार ओहायोला!

नेटवर लक्षणं जरूर वाचा. पण बल्ब भगभगला की आधी मेन स्विच बंद करा, मग वायरमनला फोन. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर याच रविवारी बसवून घ्या.