त्याच जागीं पुन्हां

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादें जुनें छायाचित्र टांगलेलें असतेंच. त्यांतील माणसें कोण, हें आजोबा सांगतात. पण तें घेणारा नेमका कोठें उभा होता, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. या एका प्रश्नापायीं ज्यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचलीं, त्या मार्क क्लेट या अमेरिकन छायाचित्रकाराची हकीकत या वेळीं आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

क्लेट यांचा जन्म १९५२ चा. मूळ अभ्यास भूगर्भशास्त्राचा. शतकापूर्वीं अमेरिकेच्या पश्चिम मुलखाची सरकारी पाहणी झाली, तेव्हां तिमथी ओसलिव्हन, विल्यम हेन्री जॅक्सन प्रभृति मंडळींनीं कांचांवर तेथील देखावे टिपले होते. ते हातीं धरून, त्याच जागेवरून, त्याच ऋतूंत व दिवसाच्या त्याच वेळीं पुन्हां चित्र घ्यावें, असा बेत क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ सालीं केला. जवळचा खडक दूरच्या सुळक्याला कोठें झांकतो हें ताडावें, एक पाऊल सरकावें, पुन्हां ताडावें. वेळ ठरवावी ती सावल्यांवरून. तीन वर्षांत शंभराहून अधिक जागा सांपडल्या.

यूटामधील एका जागीं मात्र गंमतच झाली. १८६९ च्या चित्राशीं ताडा जुळेना. अखेर कळलें कीं, ओसलिव्हननें कॅमेराच तिरपा धरला होता! सरकारी पुरावा तरी किती सरळ मानावा?

कांहीं ठिकाणीं शंभर वर्षांत दगडसुद्धां हालला नव्हता, हें सांगितलेंच पाहिजे. पण नेव्हाडांतील पिरॅमिड सरोवराची गोष्ट निराळी. ओसलिव्हन तेथें १८६७ सालीं गेला होता. पुढें १९०५ सालीं ट्रकी नदीवर डर्बी धरण झालें, पाणी शेतांकडे वळलें आणि साठ वर्षांत सरोवर सुमारें ८० फूट खालीं गेलें. ओसलिव्हनच्या वेळीं पाण्याखालीं असलेला खडक उघडा पडला. मासे नदींत चढून अंडीं घालीत, ती वाटहि बंद झाली. तीरावरच्या पायूट लोकांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न असलेला ट्राउट मासा सरोवरांतून नाहींसा झाला. कोणत्याहि छायाचित्रांत तें दिसत नाहीं, आणि आम्हांस अधिक चटका लावतें तें हेंच.

१९९७ ते २००० या काळांत क्लेट या जागांपैकीं अनेक ठिकाणीं तिसऱ्यांदा गेले. त्याच सुमारास, १९९९ सालीं, मेक्सिकोच्या वाळवंटांत त्यांनीं आपल्याच वयाचा वाटणारा एक उंच निवडुंग टिपला. त्या चित्रांत त्यांची स्वतःची सावलीहि पडलेली आहे.