उपाशी माणूस मोर्चा काढत नाही

हाल असह्य झाले की गरीब आपोआप उठतो, असे सर्रास बोलले जाते. शरीराचा नियम मात्र वेगळा आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले, नाडी मंदावली. स्वभावही पालटला. गप्पा, वाचन, मैत्री यांतला रस संपला, चिडचिड वाढली आणि डोक्यात फक्त जेवण उरले. भूक माणसाला एकटे पाडते.

मग १९७२च्या दुष्काळात शहादा-तळोद्याचे भिल्ल शेतमजूर एकत्र कसे आले? हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार १९९८मध्ये वेगळा झाला. तापीकाठी बागायतदारांचे मळे पिकत होते आणि त्याच मळ्यांवर सालदार वर्षभर राबूनही कर्जातच राहत होता. अनेकांच्या जमिनी सावकाराकडे किंवा मोठ्या शेतकऱ्याकडे गेल्या होत्या. पण संघटनेची सुरुवात दुष्काळाने झाली नाही. अंबरसिंग सुरतवंती आधीपासून गावोगाव फिरत होते. जमिनी परत मिळवण्यासाठी शहाद्याची भूमुक्ती परिषद जानेवारी १९७२मध्येच झाली, त्याच वर्षी श्रमिक संघटनाही उभी राहिली. पाऊस दगा देऊन गेला तो त्यानंतर.

दुष्काळी कामांनी वेगळीच गोष्ट केली. एरवी एकेका मालकाच्या मळ्यावर विखुरलेले मजूर खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला एका जागी आले. मालक एकच, सरकार. मजुरीचा दरही सर्वांना तोच. पोटात मिलोची लाल भाकरी का होईना, पण काहीतरी जात होते. काम द्या, पूर्ण मजुरी द्या, ही मागणी तिथे जोर धरू शकली. याच काळात बायका पुढे आल्या आणि गावोगाव दारूची मडकी फोडू लागल्या. मारझोड आणि मजुरीची उधळपट्टी थांबवणारा हा उपाय कुठल्याही औषधाच्या पुडीत मिळाला नसता.

मे १९७३मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढ्या भीषण दुष्काळात भूकबळींची मोठी लाट आली नाही, त्याचे बरेचसे श्रेय या कामांना जाते. कामाची मागणी पुढे हक्क बनली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला. तिच्या खर्चासाठी १९७५पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगारातून महिन्याला कापल्या जाणाऱ्या २०० रुपयांबद्दल कुरकुरणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते. शहरातल्या मिळकतीतला थोडा वाटा खेड्यातल्या चुलीपर्यंत नेणारा एवढा सरळ मार्ग राज्यात क्वचितच निघाला असेल.

आज संकट आले की खान्देशात उलटे घडते. साक्री किंवा चाळीसगाव तालुक्यातले जोडपे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, फडही परका. गरोदर बाईची तपासणी गावात राहते, पोराचा अंगणवाडीतला आहार गावात राहतो, रक्तवाढीच्या गोळ्या तर पहिल्या महिन्यातच संपतात. परतल्यावर अंग खंगलेले आणि उचल बहुधा फिटलेली नसते. तक्रार करायची कोणाबरोबर? शेजारी दुसऱ्याच कारखान्यावर गेलेला असतो.

म्हणून दुष्काळात खात्यावर मदत टाकली की भागले, हे म्हणणे अपुरे आहे. पैसा हवाच, पण खात्यावरचा पैसा माणसाला माणसाजवळ आणत नाही. गावातच, दसऱ्याच्या आधी, मुकादम दारात येण्यापूर्वी हमीचे काम सुरू व्हायला हवे. मजुरी आठवड्याला मिळायला हवी, कारण ती महिनाभर लांबली की माणूस पुन्हा उचलीकडेच वळतो. कामाच्या जागी पाणी, सावली आणि पाळणाघर असावे, आणि आरोग्यसेविकेची फेरी तिथेच व्हावी. दीडशे बायका रोज एका बांधावर भेटल्या तर हिमोग्लोबिन तपासणे सोपे जाते. मजुरीच्या हजेरीपटात खोट आहे का, हे त्या आपसात बोलून स्वतःच शोधून काढतात.