काढून टाकावयाची यादी

आमच्या ज्या विद्यार्थ्यांनीं घरीं डेबियन लिनक्सची ‘टेस्टिंग’ शाखा घेतली आहे, त्यांस एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. ‘एप्ट अपग्रेड’ ही आज्ञा संगणकांत बसविलेलें एकही पॅकेज काढीत नाहीं. ‘एप्ट फुल-अपग्रेड’ मात्र नव्याच्या सोयीसाठीं जुनें काढूं शकते. पण तत्पूर्वीं ती यादी दाखवून अनुमति मागते. यादी न वाचतां ‘होय’ म्हणणारे पुष्कळ. आम्हीही एकदां त्यांतलेच झालों, आणि प्रश्नपत्रिका छापावयाच्या आठवड्यांत पडद्यावर केवळ काळी चौकट उरली!

यादींत नांव आलें म्हणजे अनर्थच, असें मात्र नव्हे. ३२ बिटांची कालगणना २०३८ सालीं संपते; तीवरील उपायासाठीं २०२४ सालीं अनेक लायब्रऱ्यांचीं नांवें बदललीं. ‘लिबएसएसएल३’ जाऊन ‘लिबएसएसएल३टी६४’ आलें. अशा बदलाची भीति नको. परंतु आपलें नित्याचें साधन जात असून त्याच्या जागीं कांहींच येत नसेल, तर ‘नाहीं’ म्हणावें. टेस्टिंगमध्यें परस्परावलंबी पॅकेजें कधीं कधीं मागें-पुढें येतात. मागाहून येणारीं बहुधा कांहीं दिवसांत पोंचतात. तोंवर साध्या ‘अपग्रेड’वर भागवावें.