अरवलीच्या वाटांना डांबर नको, मोटारीही नकोत

दिल्लीच्या दक्षिणेला, गुडगाव आणि फरिदाबाद यांच्या मधे, अरवलीच्या टेकड्यांत कच्च्या वाटांचं मोठं जाळं आहे. या वाटांवर डांबर घालू नये, मोटारींना तिथे बंदी असावी आणि पायी चालणाऱ्यांना, गुराख्यांना, सायकलींना मात्र त्या कायमच्या खुल्या असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. मी ग्रॅव्हल बाइक चालवते. तिचं हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, मुरमावर आणि खडीवर पकड धरणारे. डांबर संपतं तिथून पुढे जाण्यासाठीच ती बनवलेली असते.

डांबरावर तर मला तिची काळजीच वाटते. गुडगाव-फरिदाबाद रस्ता चौपदरी आहे, सरळ आहे, पहाटे मोकळा असतो आणि म्हणूनच भयंकर आहे. बंधवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराकडे जाणारे डंपर आणि रात्रीची पार्टी आटोपून घरी परतणाऱ्या गाड्या एकाच वेळी अंगावर येतात. रात्री रस्ता ओलांडणारे बिबटे इथे गाड्यांखाली मेले आहेत. चार पाय आणि ती चपळाई असलेल्या जनावराला जे जमलं नाही, ते सायकलवाल्याला कसं जमावं? एखाद्या फाट्याला वळून टेकडीत शिरलं की पाच मिनिटांत तो आवाज मागे पडतो, आणि मग टायरखाली चुरचुरणारी खडी आणि मोरांचे आवाज एवढंच ऐकू येतं. दोन कोटींहून जास्त माणसांच्या महानगराला खेटून ही शांतता अजून शिल्लक आहे.

या वाटा कुणी फिरण्यासाठी आखलेल्या नाहीत. अरुंद आहेत त्या मांगर, बंधवाडी, ग्वाल पहाडी इथल्या गुज्जरांच्या शेळ्या-म्हशींनी पाडलेल्या. काही वनखात्याच्या गस्तीच्या. आणि रुंद, संथ चढाच्या, मोठ्या वळणांच्या आहेत त्या खाणींच्या. दिल्लीच्या घरांना लागलेला दगड आणि बांधकामवाले जिला नुसतं ‘बदरपूर’ म्हणतात ती लालसर भरड वाळू याच टेकड्या पोखरून नेली गेली. दिल्लीच्या हद्दीतला भट्टीचा खाणपट्टा १९९१ मध्ये असोला अभयारण्याला जोडला गेला. हरियाणात मात्र खाणी चालूच राहिल्या आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात जिल्ह्यांतल्या अरवलीतलं खाणकाम थांबवलं. ट्रक गेले, त्यांचे रस्ते उरले. खोल खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली. भरलेला ट्रक वर चढावा म्हणून चढ बेताचा ठेवलेला असल्यामुळे आज साठीचा माणूसही तिथे सायकल न ढकलता वर जातो.

चाकाखाली क्वार्ट्‌झाइटचा टोकदार दगड असतो, उतारावर तो सुटा झालेला असतो, ब्रेक जपून दाबावा लागतो. त्याहून त्रास विलायती किकरचा. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो तीच ही. इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या रिजवर लावली आणि तिने अख्खा डोंगर व्यापला. तिचा काटा साध्या ट्यूबला दया दाखवत नाही. इथले सगळे जण ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरूनच निघतात. पण जिथे किकर पोचलेली नाही तिथे धौ आहे, ढाक म्हणजे आपला पळस आहे, आणि पावसाळ्यात ऑगस्टच्या सुमारास या टेकड्या ज्या हिरव्या होतात त्या बघून सह्याद्रीतल्या माणसालाही घर आठवतं. नोव्हेंबरात हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेला की मी सायकल बाहेर काढत नाही, कुणीच काढू नये. या वाटांचा ऋतू म्हणजे पावसाळा आणि फेब्रुवारी-मार्च.

इटलीत तोस्कानामधल्या कियांती भागात, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून जाणाऱ्या अशाच पांढऱ्या मातीच्या वाटा आहेत. त्यांना तिथे ‘स्त्रादे बियांके’, पांढरे रस्ते म्हणतात. त्यांवर डांबर पडायला लागलं तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या माणसाने १९९७ मध्ये गायोले गावातून ‘एरोइका’ ही सायकलफेरी सुरू केली. जुन्या पद्धतीच्या सायकली, लोकरीच्या जर्सी, वाटेत थांबून गावचं सूप आणि वाइन. पहिल्या वर्षी ९२ जण आले. हेतू स्पष्ट होता: या रस्त्यांवर लोक येत राहिले तर त्यांवर डांबर घालणं अवघड होईल. २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत याच वाटांवरून धावते आणि सिएनाच्या चौकात संपते. आज एरोइकाचा २०९ किलोमीटरचा मार्ग पाट्या लावून वर्षभर खुला ठेवलेला आहे. जगभरातून माणसं तिथे मुद्दाम धूळ खायला येतात. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याच वाटेने जातो, त्याला कुणी हटकत नाही. एका भागातल्या लोकांनी आपल्या कच्च्या रस्त्याला ठेवा मानलं आणि तो टिकला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे कच्चा रस्ता म्हणजे अजून न झालेला रस्ता. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, तेही द्राक्षांचंच. सायकल मी बागांमधल्या पाणंदीत शिकले, एका बाजूला मांडव, दुसऱ्या बाजूला चारी. तिथला शेतकरी पाणंदीवर खडी टाका म्हणतो तेव्हा तो बरोबरच असतो, कारण काढणीच्या दिवसांत गाडी चिखलात रुतली तर वर्षाचा माल जातो. अरवलीत ती गरज नाही. इथे वाट पक्की झाली की तिच्यामागून भिंत येते, भिंतीमागून फार्महाउस, मग लग्नाचं लॉन. मांगरच्या आसपास हे गेल्या काही दशकांत होत आलेलं आहे. पण निफाडकडची एक गोष्ट मला इथे हवी आहे. कुणी पाणंद अडवली तर आपल्याकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. वाट खुली करून मागता येते. वाटेचा हक्क हा साध्या माणसाचा हक्क असतो. अरवलीतल्या गुराख्याला आणि त्याच्या मागून जाणाऱ्या सायकलवाल्याला तसा आधार मिळायला हवा.

सध्या आधार आहे तो फक्त दुर्गमतेचा, आणि फोर बाय फोर गाड्यांनी तोही काढून घेतला आहे. सोहना रस्त्याकडून गैरतपूर बासच्या वर जाणाऱ्या ज्या वाटेला सगळे लेपर्ड ट्रेल म्हणतात, तिथे रविवारी जीपवाल्यांचे ताफे येतात. चढावर चाकं गरगर फिरवून माती उकरतात, गाणी लावतात, बाटल्या टाकून जातात. पुढच्या पावसात त्या चरांतून पाणी धावतं आणि वाट वाहून जाते. सायकलच्या टायरने असं होत नाही. हा फरक वनखात्याने नियमात उतरवला पाहिजे.

सरकारच्या डोक्यात मात्र मोठ्या योजना असतात. गुडगाव आणि नूहमध्ये १० हजार एकरांवर सफारी पार्क करायचं हरियाणाने ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२३ मध्ये याच टेकड्यांच्या पायथ्याशी, टिकली गावात, वनीकरणाच्या अरवली ग्रीन वॉल प्रकल्पाचा शुभारंभ झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये खाणकामाच्या संदर्भात शंभर मीटर किंवा त्याहून उंच टेकडीलाच अरवली म्हणायचं, ही व्याख्या न्यायालयाने स्वीकारली आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर २९ डिसेंबरला त्या आदेशाला स्थगिती दिली. आमच्या वाटा ज्या टेकड्यांवरून जातात त्यांतल्या बऱ्याचशा ठेंगण्या आहेत. शंभर मीटरची पट्टी लावली तर त्यांचं काय होईल, या विचाराने मला त्या महिन्यात खरोखर झोप लागत नव्हती.

सायकलवाल्यांनीही जंगलात का जावं, असं पर्यावरणाची कळकळ असलेले मित्र विचारतात. प्रश्न योग्य आहे. मांगर बणी ही धौच्या झाडांची देवराई आहे, गुदडिया बाबांच्या नावाने राखलेली. तिथे फांदीही तोडायची नाही अशी गावाची रीत आहे. गावातल्या एका ताऊंनी मला सांगितलं होतं, “बेटी, बणी में साइकिल मत ले जाना, बाबा की जगह है.” ती सीमा मी पाळते. सूर्य मावळल्यावर वाटा बिबट्याच्या आणि तरसाच्या असाव्यात, हेही मला मान्य आहे. पण माणूस पूर्ण बाहेर काढला की काय होतं, हे खाणींच्या काळात दिसलं आहे: बघणारं कुणी नसतं तेव्हाच डोंगर उचलला जातो. गुडगावचं अरवली जैवविविधता उद्यान आधी खाणीचीच जमीन होती. नागरिकांनी तिथे स्थानिक झाडं लावली. पुढे त्यातून महामार्ग न्यायचा घाट घातला गेला तेव्हा रोज तिथे चालणारे लोकच विरोधाला उभे राहिले. २०१३ साली राहगिरी या उपक्रमाने रविवारी सकाळी याच शहराचे रस्ते मोटारींकडून काढून घेतले होते, तेव्हा हजारो घरांतली मुलं पहिल्यांदा रस्त्यावर निर्धास्त सायकल चालवू शकली. म्हणजे मोटारींना अडवणं या शहराला नवीन नाही.

मागणी साधी आहे, खर्चही फार नाही. वनखात्याने प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी मीटरभर अंतर ठेवून दोन दगडी खांब रोवावेत. म्हैस जाईल, सायकल जाईल, लाकूडफाट्याचा भारा घेतलेली बाई तिरपी होऊन जाईल, जीप अडेल. मोटारसायकल अडणार नाही. तिच्यासाठी शनिवार-रविवारी गार्ड उभा करावा, आणि तो आसपासच्याच गावातला असावा, कारण कोण कुठल्या वाटेने वर चढतं हे त्यालाच माहीत असतं. गस्तीच्या गाडीसाठी एखाद्या ठिकाणी कुलपाचं फाटक ठेवावं. सुरुवात टिकली आणि गैरतपूर बासपासून करावी. रविवारी सगळ्यात जास्त गाड्या मला तिथूनच वर चढताना दिसतात.