पहिल्या आवाजाची नोंद : रामोन्स आणि वामनदादा

१/ २३ एप्रिल १९७६. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील चार तरुणांचा ‘रामोन्स’ हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. १४ गाणी, अवघी २९ मिनिटे, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. मोठे रॉक बँड एकेका अल्बमवर महिनोन्महिने खर्ची घालीत, त्या काळात हे ध्वनिमुद्रण साधारण आठवड्याभरात उरकले.

२/ मोजके स्वर, धावता ठेका, ओबडधोबड आवाज. बिलबोर्डच्या यादीत अल्बम १११ व्या क्रमांकापुढे सरकला नाही. अमेरिकेत ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळाले ते २०१४ मध्ये. तोवर चार संस्थापकांपैकी तिघे निवर्तले होते. तरीही तो तरुण, कच्चा आवाज टिकला, कारण तो फितीवर उतरला होता.

३/ आता नाशिक जिल्ह्याकडे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये वामनदादा कर्डक जन्मले. शाळा लाभली नाही. मुंबईत मजुरी करताना, मोठेपणी, अक्षरओळख झाली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले, ते हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते.

४/ चाल उसनी, शब्द स्वतःचे. ना स्टुडिओ, ना उस्तादाची परवानगी. पंकने पुढे ज्या वृत्तीचा गौरव केला, ती येथे तीन दशके आधीच दिसते. मात्र वामनदादांना ‘भारतीय पंक’ म्हणणे उथळपणाचे ठरेल. रामोन्सच्या गाण्यांत उपनगरी तारुण्याचा कंटाळा व खट्याळपणा आहे. वामनदादांचे गीत आंबेडकरी चळवळीचा विचार वस्तीवस्तीत पोचवीत होते. साम्य साधनांचे आहे, हेतूचे नाही.

५/ खरा भेद जतनाचा आहे. रामोन्सचा अल्बम अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २०१२ साठी निवडला गेला. वामनदादांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह मात्र १९७३ मध्ये आला. विशीत गाऊ लागलेला कवी पुस्तकरूपाने वाचकांसमोर आला, तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती.

६/ म्हणून ‘पहिला अल्बम’ हा इतिहासाचा निष्पक्ष मापदंड नव्हे. ज्याच्या हाती फीत, त्याचेच तारुण्य नोंदले जाते. केवळ ध्वनिमुद्रिकांवरून बंडखोर संगीताचा इतिहास लिहिणारा अभ्यासक अर्धाच इतिहास लिहितो.

७/ गायन पार्ट्यांतून ही गीते गावोगाव नेणारे गायक आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हस्तलिखित वह्या आणि पाठांतर हेच या इतिहासाचे दप्तर. १९७६ मध्ये ज्या कामाला हजारो डॉलर लागले, ते आज खिशातला मोबाइल करू शकतो. नाशिक-सिन्नरच्या तरुण इतिहासप्रेमींनी आधी ते दप्तर गाठावे. तुलना नंतरही करता येईल.